मुख्याध्यापकांचा शेजार

मनुष्य कोणताही व्यवसाय करो, त्यास त्या व्यवसायांतील शेजार लागतो. सुताराला सुतार भेटला म्हणजे हत्याराच्या धारेविषयीं बोलणें निघतें. होडीवाल्याला होडीवाला भेटला म्हणजे वाऱ्याची व पाण्याची विचारपूस होते. शाळेंतील शिक्षकालाही शिक्षकांच्या खोलींत पांच-दहा सोबती असतात. मुख्याध्यापकाला मात्र आपल्या शाळेंत दुसरा मुख्याध्यापक भेटण्याचा संभव नाहीं. त्याच्या वर संस्थाचालक व शिक्षणखातें, त्याच्या हाताखालीं शिक्षक व शिपाई; बरोबरीचा असा कोणी नाहीं. ज्या गोष्टी वरिष्ठांस विचारण्याची भीति वाटते व सहकाऱ्यांस सांगण्याचा संकोच वाटतो, त्या त्यानें कोणापाशीं बोलाव्या? हा प्रश्न दिसण्यांत लहान आहे. परंतु माझ्या अनुभवाप्रमाणें पुष्कळ शाळांचें बरेंवाईट त्यावर अवलंबून असतें. त्या प्रश्नाचें एक उत्तर म्हणजे मुख्याध्यापकांचा संघ. विद्यार्थ्यांना या संघाची वार्ता सहसा नसते, व पालकांस तो केवळ निवेदनें देणारा व मोर्चे काढणारा वाटतो. म्हणून त्याविषयीं चार शब्द या वार्षिकांत लिहावे असें मनांत आलें.

प्रथम मुख्याध्यापक होतो कसा तें पाहूं. महाराष्ट्रांतील खाजगी शाळांस १९७७ चा सेवाशर्तींचा अधिनियम व त्याखालील १९८१ ची नियमावली लागू आहे. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकास विद्यापीठाची पदवी, शिक्षणशास्त्राची पदवी आणि निदान पांच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव असावा असें ती नियमावली सांगते, आणि निवड सामान्यतः सेवाज्येष्ठतेनें होते. अल्पसंख्याकांच्या संस्थांस आपला मुख्याध्यापक निवडण्याची मोकळीक कायद्यानेंच ठेविली आहे. या व्यवस्थेंत न्याय आहे, यांत शंका नाहीं. परंतु वीस-पंचवीस वर्षें फळ्यापुढें उभा राहिलेला मनुष्य एका सोमवारीं सकाळीं कार्यालयांतील खुर्चीवर बसतो, आणि त्या खुर्चीचें शिक्षण त्यास कोणी दिलेलें नसतें. वेतनाचीं देयकें शालार्थ प्रणालींत भरणें, विद्यार्थ्यांची माहिती सरल व यू-डायस यांवर चढविणें, बिंदुनामावली ठेवणें, सेवापुस्तकांतील नोंदी, पोषण आहाराचा तांदूळ, जनरल रजिस्टरांतील जन्मतारखेच्या दुरुस्त्या, आणि या सर्वांच्या वर पटसंख्येवरून शिक्षकांचीं पदें ठरविणारी ती संचमान्यता! यांपैकीं एकही विषय शिक्षणशास्त्राच्या वर्गांत मीं तरी शिकलों नव्हतों. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत मुख्याध्यापकांसाठीं दरवर्षीं पन्नास तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा नमूद केली आहे, ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु अडचण येते ती प्रशिक्षणाच्या वेळापत्रकाप्रमाणें येत नाहीं.

मी मालवण तालुक्यांतील खाडीकांठच्या एका लहान माध्यमिक शाळेंत चोवीस वर्षें गणित शिकविल्यावर २००९ सालीं मुख्याध्यापक झालों. संस्थेचे अध्यक्ष, आपल्या कोंकणांत बहुधा असतें त्याप्रमाणें, मुंबईस राहत. ते सज्जन होते. परंतु त्यांस भेटावयाचें म्हणजे गणेशचतुर्थीची किंवा मे महिन्याची वाट पाहावी लागे. पहिल्याच आठवड्यांत बिंदुनामावली तपासणीसाठीं मागितल्याचें पत्र आलें. ज्या कार्यालयांतून तें आलें तेथें विचारणा केली, तेव्हां 'नियमांत पाहा' एवढेंच उत्तर मिळालें. शाळेंतील सहकारी कालपर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलत; ते आतां खुर्ची मागें सारून उठूं लागले. त्यांचा आदर खरा होता, पण त्या आदरानें माझी अडचण सुटण्यासारखी नव्हती.

त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारीं तालुक्यांतील मुख्याध्यापकांची सभा होती. मी मागच्या बाकावर बसलों. सभा संपल्यावर खाडीपलीकडील शाळेच्या मुख्याध्यापिका बाई जवळ आल्या व कसें काय चाललें आहे म्हणून पुसूं लागल्या. मीं पत्राची गोष्ट सांगितली. बाई हंसून म्हणाल्या, "सर, उद्या फायल घेवन येवा. इचारूक कसली लाज?" दुसऱ्या दिवशीं रविवार असूनही त्यांनीं आपल्या शाळेचें दप्तर उघडलें, आपली बिंदुनामावली माझ्यापुढें मांडली आणि तीन तासांत तें सर्व प्रकरण मला उलगडून दाखविलें. शासनाचा निर्णय माझ्यापाशींही होता. परंतु निर्णय वाचणें वेगळें आणि त्या निर्णयाप्रमाणें भरलेला कागद डोळ्यांनीं पाहणें वेगळें. संघाचा पहिला उपयोग मला कळला तो असा. ज्यास विचारतांना आपली किंमत कमी होत नाहीं असा मनुष्य तेथें भेटतो.

ही कल्पना आपल्याच भागांतील किंवा आजकालची आहे असें नव्हे. इंग्लंडांत १८६९ सालीं जुन्या देणगीवर चाललेल्या शाळांच्या कारभारांत सरकारला हात घालतां यावा असा कायदा येऊं घातला, तेव्हां अपिंगहॅम येथील शाळेचे मुख्याध्यापक एडवर्ड थ्रिंग यांनीं इतर शाळांच्या प्रमुखांस पत्रें लिहून आपल्या गांवीं बोलाविलें. आले ते जेमतेम डझनभर. जमण्याचें निमित्त भीतीचें होतें, तरी एकदां जमल्यावर दरवर्षीं जमण्याचें ठरलें, आणि पुढील वर्षींची सभा शेरबोर्न येथील शाळेंत भरली. दुसऱ्याची शाळा चालते कशी, तिचे वर्ग व तिचें ग्रंथालय कसें आहे, हें पाहुण्याला तेथें न सांगतां दिसतें. सभागृहांत बसून हें साधत नाहीं. पुढें पांच वर्षांनीं, १८७४ सालीं, फ्रान्सेस मेरी बस या मुख्याध्यापिकेच्या पुढाकारानें लंडनमध्यें मुलींच्या शाळांच्या प्रमुख स्त्रियांनीं आपला स्वतंत्र संघ स्थापिला. अमेरिकेंत माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांचा राष्ट्रीय संघ १९१६ सालीं निघाला व त्यानें १९२१ सालीं गुणी विद्यार्थ्यांच्या गौरवासाठीं एक संस्था सुरू केली. ती आजही तेथील हजारों शाळांतून चालते. या सर्व उदाहरणांत एक क्रम दिसतो. माणसें स्वतःच्या रक्षणासाठीं एकत्र येतात. आणि एकत्र आल्यावर त्यांतील कोणी शहाणा मनुष्य विचारतो कीं, आपण जमलोंच आहों, तर मुलांसाठीं काय करूं?

आपल्या राज्यांतही जिल्ह्याजिल्ह्यांतून मुख्याध्यापकांचे संघ आहेत, सिंधुदुर्गांतही आहे, आणि या संघांचें राज्यव्यापी महामंडळ असून त्याचीं अधिवेशनें भरत असतात. कोल्हापुरांत तेथील जिल्हा-संघाची विद्याभवन या नांवाची स्वतःची वास्तु आहे. कोंकणाचें विभागीय परीक्षा मंडळ २०१२ च्या सुमारास स्वतंत्र झालें. त्यापूर्वीं आमचा जिल्हा कोल्हापूर विभागांत मोडत असे, व परीक्षेच्या कामासाठीं आम्हांस घाट चढून जावें लागे. त्या फेऱ्यांत घाटावरील संघांची कामें पाहण्यास मिळालीं. विषयवार सराव प्रश्नपत्रिका काढणें, विषयशिक्षकांचे मेळावे भरविणें, हीं कामें तेथें विद्या समितीकडे सोंपविलेलीं असत. तशीच समिति आमच्या तालुक्यांतही असावी असें आम्हां कांहीं जणांच्या मनानें घेतलें.

लहान शाळेची खरी उणीव कोणती, हें बाहेरच्यास चटकन् कळत नाहीं. आमच्या शाळेंत विज्ञानाचा शिक्षक एक, इंग्रजीचा एक, गणिताचा मी. इंग्रजीच्या शिक्षकाला आपल्या विषयाविषयीं बोलण्यास अख्ख्या गांवांत दुसरा मनुष्य नाहीं. तोच शिकविणार, तोच प्रश्नपत्रिका काढणार, तोच तपासणार; त्याच्या कामास आरसा कोठला? विद्या समितीनें पहिल्या वर्षीं एकच गोष्ट केली. दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका जवळच्या शाळांनीं एकमेकांकडे तपासण्यास द्याव्या, आणि नंतर दोन्ही शाळांच्या विषयशिक्षकांनीं समोरासमोर बसून गुणांतील फरक समजून घ्यावा. आरंभीं पुष्कळांस हें रुचलें नाहीं. 'आमच्या मुलांची लाज दुसऱ्याच्या दारीं कशाला?' असें एका जुन्या शिक्षकांनीं विचारलें. पण फेब्रुवारींत तीं माणसें एका टेबलाशीं बसलीं, तेव्हां एका शाळेस कळलें कीं आपलीं मुलें उत्तर जाणतात पण मांडतां येत नाहीं, आणि दुसरीस कळलें कीं आपल्याकडे अक्षर पाहून गुण पडतात. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यानें हेंच सांगितलें असतें, तर शेऱ्याखालीं सही होऊन वही कपाटांत गेली असती. बरोबरीच्या माणसानें सांगितलें म्हणून तें वर्गापर्यंत पोहोंचलें.

आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतात ती पुष्कळांनीं पाहिली असेल. जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर दोन बाजूंस माणसें धरून ओढीत असतात. एका बाजूनें घाई केली किंवा दुसरीनें अंग चोरलें म्हणजे जाळें वांकडें होतें व मासळी निसटते. मासळी वाळूवर आली कीं तिचे वांटे होतात. संघाचें काम रापणीसारखें आहे, असें आमच्या सभेंत कोणी तरी म्हटलें होतें. उपमा चांगली होती. पण एका गोष्टींत ती लागू पडत नव्हती. रापणीस लागलेल्या माणसांत मासळीसाठीं आपसांत चढाओढ नसते. आम्हां मुख्याध्यापकांत मात्र मुलांसाठीं चढाओढ होती, आणि तीच आमच्या संघाची खरी परीक्षा ठरली.

सिंधुदुर्ग हा जिल्हा १ मे १९८१ रोजीं रत्नागिरीपासून वेगळा झाला. २००१ च्या जनगणनेंत त्याची वस्ती सुमारें ८ लक्ष ६९ हजार होती. २०११ च्या जनगणनेंत ती सुमारें ८ लक्ष ५० हजार भरली. राज्याची वस्ती वाढत असतां आमची घटली. तरुण मुंबईस, पुण्यास, गोव्यास गेले. पाठोपाठ त्यांचीं मुलें गेलीं. शाळा तितक्याच आणि मुलें कमी, अशी स्थिति झाली. पटसंख्या घटली कीं संचमान्यतेंत पद घटतें. पद घटलें कीं एखादा सहकारी अतिरिक्त ठरून दुसरीकडे जातो. शिक्षक गेला कीं पालकांचा विश्वास उडतो आणि पट आणखी घटतो. म्हणून मे महिन्यांत शेजारशेजारच्या शाळांचे शिक्षक एकाच वाडींत एकाच घरीं, 'तुमचें मूल आमच्याकडे पाठवा' म्हणून जात, आणि वाटेंत भेट झाली म्हणजे एकमेकांस ओशाळवाणा नमस्कार करीत.

अशा दिवसांत, २०१५ सालीं, खाडीपलीकडील त्याच बाईंच्या शाळेंतील विज्ञानाचे शिक्षक निवृत्त झाले व तें पद भरलें जाईना. बाईंनीं तें दुःख माझ्यापाशीं खाजगींत सांगितलें नाहीं. भर सभेंत मांडलें. सर्वांत जवळची शाळा आमची होती, आणि आमच्यापाशीं विज्ञानाचा चांगला शिक्षक होता. सभेंत थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मीं त्या शिक्षकांची संमति विचारून कळवितों एवढेंच सांगितलें. ते तरुण गृहस्थ म्हणाले, "सर, बुधवारीं व शनिवारीं माझे तास एका बाजूस घ्या, मी जाईन." संघानें आपल्या पत्रावर दोन्ही संस्थांस व शिक्षणाधिकाऱ्यांस विनंती केली, अनुमति आणविली, व ही गोष्ट एका शाळेनें दुसरीवर केलेला उपकार न राहतां तालुक्याची व्यवस्था ठरली. पत्र संघाचें नसतें तर आमच्या संस्थेनें होकार दिला असता असें मला वाटत नाहीं; कारण होकार देतांनाही एका सभासदांनीं स्पष्ट विचारलें, "प्रतिस्पर्ध्याचें घर शाकारण्यास आपलीं कौलें कां द्यावीं?"

त्यांचा प्रश्न अन्यायाचा नव्हता. पुढील जूनमध्यें खाडीपलीकडून आमच्या आठवींत येऊं पाहणाऱ्या चार मुली आल्याच नाहींत. आपल्या गांवच्या शाळेंत विज्ञान शिकविलें जातें असें कळल्यावर त्या तेथेंच राहिल्या. लहान शाळेंत चार हा लहान आंकडा नव्हे. त्या वर्षींची संचमान्यता हातीं येईपर्यंत मला नीट झोंप लागली नाहीं. पदें राहिलीं, पण अगदीं थोडक्यानें राहिलीं. तीं गेलीं असतीं तर मीं आपल्या सहकाऱ्यास काय तोंड दाखविलें असतें, याचें उत्तर माझ्यापाशीं तेव्हां नव्हतें व आजही नाहीं. मात्र दुसरी बाजू मला ठाऊक आहे. पावसाळ्यांत खाडीला पाणी चढलें म्हणजे होडी बंद पडते. आठवीच्या मुलीस जून ते सप्टेंबर रोज लांबच्या रस्त्यानें फिरून कोण पाठविणार? त्या चौघींपैकीं तिघी २०१९ च्या मार्चमध्यें आपल्याच गांवच्या शाळेंतून दहावीच्या परीक्षेस बसल्या. चौथी त्याआधींच मामाकडे मुंबईस गेली होती. संस्थेच्या सभेंत मीं हाच हिशेब मांडला आणि आमची शाळा मुलांसाठीं आहे कीं मुलें शाळेसाठीं आहेत, एवढें विचारून खालीं बसलों.

शेजारशेजारच्या शाळांनीं आपलीं साधनें वांटून घ्यावीं हा विचार कोठारी आयोगानें १९६४ ते १९६६ या काळांत शाळा-संकुल या नांवानें मांडला होता. २०२० च्या धोरणानें त्याचा पुनरुच्चार केला आहे. एक माध्यमिक शाळा मध्यें धरून आसपासच्या शाळांनीं प्रयोगशाळा, ग्रंथालय व शिक्षक यांचा एकत्र उपयोग करावा, अशी ती योजना. ती इतकीं वर्षें कागदावर कां राहिली, याचें कारण मला आमच्या खाडीवर कळलें. ज्यांनीं वांटून घ्यावयाचें त्यांचा आधीं एकमेकांवर विश्वास असावा लागतो, आणि विश्वास परिपत्रकानें उत्पन्न होत नाहीं. तो महिन्याच्या महिन्याला एका सतरंजीवर बसून, एकमेकांच्या अडचणी ऐकून होतो.

तो विश्वास पुढें कठीण काळांत उपयोगी पडला. २०२० च्या मार्चमध्यें शाळा बंद झाल्या आणि शिकविणें भ्रमणध्वनीवर आलें. ज्या वाड्यांत रेंज नाहीं तेथील मुलें डोंगरावर चढून धडे ऐकूं लागलीं. तेव्हां कोणत्या वाडींत काय पोहोंचतें, कोणते शिक्षक कोठें राहतात, हें संघाच्या मंडळींनीं एकत्र बसून मांडलें, आणि ज्या गांवीं जो शिक्षक राहतो त्यानें शाळेचा भेद न करतां तेथील मुलांस स्वाध्याय पोहोंचवावे असें ठरविलें. २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलें. एका शाळेचे पत्रे उडून दप्तर भिजलें. दुसऱ्याच दिवशीं तीन शाळांचे मुख्याध्यापक तेथें हजर होते. पंचनामा कसा मागावा, जनरल रजिस्टराचीं पानें कशीं वाळवावीं, त्याची साक्षांकित प्रत कशी करून ठेवावी, हें त्यांनीं तेथें बसून केलें. जनरल रजिस्टर गेलें म्हणजे गांवच्या दोन पिढ्यांचे दाखले गेले, हें मुख्याध्यापकाला सांगावें लागत नाहीं.

संघाचे दोष मीं पाहिले नाहींत असें नाहीं. पुष्कळ सभांत वेतन, पदोन्नति, थकबाकी यांतच दुपार जाते व मुलांचा विषय चहा पिऊन उठतां उठतां निघतो. विधान परिषदेंत शिक्षकांचा मतदारसंघ असल्यामुळें निवडणूक जवळ आली कीं सभेंत पाहुण्यांची गर्दी होते. सत्कार व हारतुरे यांस सीमा राहत नाहीं. कधीं कधीं एखाद्या निष्काळजी मुख्याध्यापकास केवळ आपला म्हणून पाठीशीं घातलें जातें, आणि त्याची शिक्षा त्याच्या शाळेंतील मुलें भोगतात. वेतनाचा प्रश्न गौण आहे असें माझें म्हणणें नाहीं. ज्याचें देयक तीन महिने अडलें आहे त्याला शाळा सुधारण्याची गोष्ट सांगणें हें निष्ठुरपणाचें आहे. पण जो संघ तेथेंच थांबतो त्यानें अर्धेंच काम केलें. सभा सुरू होतांच पहिला तास मुलांच्या शिक्षणाचा ठेवावा, सभा दर वेळीं निराळ्या शाळेंत भरवावी, नव्या मुख्याध्यापकास पहिल्या वर्षीं एक जुना सोबती नेमून द्यावा, आणि सर्वांत लहान शाळेची अडचण सर्वांत आधीं ऐकावी, एवढें जरी नियमानें झालें तरी पुष्कळ होईल. यांस पैसा लागत नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे मुख्याध्यापक एखाद्या शनिवारीं कागदांची पिशवी घेऊन सभेस जातात, तेव्हां ते शाळेचें काम टाकून जात आहेत असें समजूं नका. ते परत येतील तेव्हां दुसऱ्या कोणत्या शाळेंत काय चांगलें चाललें आहे तें त्यांना विचारा. आणि तुमच्यापैकीं जे पुढें शिक्षक होतील, व सेवाज्येष्ठतेनें म्हणा वा निवडीनें म्हणा, कधीं काळीं त्या एकाकी खुर्चीवर बसतील, त्यांनीं प्रथम शेजारच्या शाळेचा रस्ता विचारून घ्यावा. तेथें जातांना आपली अडचण घेऊन जावी, आणि मागितली तर आपली मदतही द्यावी. मग त्या शाळेचा पट आपल्याहून अधिक असो कीं उणा असो.